माउस हलवला की नेट तुटायचं, हे खरं आहे

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या घरी माळ्यावर बाबांचा जुना पेंटियम कॉम्प्युटर सापडला. विंडोज ९५ आहे, आत मोडेमचं, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या लाइनला जोडणारं, कार्ड आहे, मशीन चालूही होतं. त्या काळी फोनच्या लाइनवरून इंटरनेट कसं जोडायचे? बाबा सांगतात की माउस हलवला की नेट तुटायचं. ही गंमत की खरं? आणि आज ते मशीन तसंच जोडता येईल का?

बाबांपासून सुरुवात करतो, कारण ते गंमत करत नाहीत. नव्वदीच्या उत्तरार्धात मी नागपुरात घरोघरी, दवाखान्यांत, वकिलांच्या ऑफिसांत मोडेम बसवून द्यायचो. "भाऊ, माउसले हात लावला का नेट बंद पडून राहिलं" ही तक्रार इतक्या वेळा ऐकली की शेवटी शेवटी मी घरून निघतानाच खिशात चिमटा टाकून निघायचो. चिमटा कशाला, ते सांगतो.

पीसीत सिरियल पोर्टांना (माउस, मोडेम जोडायच्या जागांना) कॉम१ ते कॉम४ अशी चार नावं असतात, पण त्यांच्यासाठी प्रोसेसरला हाक मारायच्या तारा, म्हणजे आयआरक्यू, दोनच. कॉम१ आणि कॉम३ दोघे आयआरक्यू ४ वर, कॉम२ आणि कॉम४ दोघे आयआरक्यू ३ वर. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडाला मिळून एकच बेल असावी, तसं. बेल वाजली की खालचे दार उघडतात, पाहुणा मात्र वरच्यांचा. जुन्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेत, ही बेल दोघांना एकाच वेळी वापरता येत नाही. त्या वेळचा माउस नऊ पिनांचा, कॉम१ ला लावलेला. मोडेमचं कार्ड बऱ्याचदा कॉम३ वर सेट होऊन यायचं, कारण कॉम१ आणि कॉम२ मदरबोर्डाने आधीच घेतलेले असत. मोडेम एकटा असताना ठणठणीत डायल करी, जोडलाही जाई. मग माणूस आनंदाने माउस सरकवी आणि त्या क्षणी एक तर बाण गोठे, नाहीतर लाइन तुटे.

कार्ड बाहेर काढलंत तर त्यावर पिनांच्या छोट्या रांगा आणि त्यांवर बसवलेली काळी टोपणं दिसतील. तेच जंपर. शेजारी बारीक अक्षरांत कॉम आणि आयआरक्यूचे आकडे छापलेले असतात. माझा नेहमीचा उपाय ठरलेला होता: बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन मदरबोर्डाचा दुसरा सिरियल पोर्ट बंद करायचा, आणि चिमट्याने टोपण उचलून मोडेम कॉम२, आयआरक्यू ३ वर आणायचा. दहा मिनिटांचं काम. कार्डावर जंपर नसतील तर ते प्लग अँड प्ले असेल, मग हेच डिव्हाइस मॅनेजरमधून करता येतं. आणि माउस गोल पिनेचा, पीएस/२ असेल, तर हा तंटाच नाही, तो स्वतःची वेगळी बेल घेऊन येतो.

आता जोडणीकडे. पण त्याआधी विंडोज ३.१ बद्दल दोन शब्द, कारण विंडोज ९५ मध्ये काय सोपं झालं हे त्याशिवाय कळत नाही. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या महानगरांतून. आपल्याकडे लोकल नंबर नव्हता तोवर हौशी मंडळी मुंबईला एसटीडी लावत, तीही रात्री अकरानंतर, दर पाव झाल्यावर. विद्यार्थ्यांचं ५०० रुपयांचं खातं होतं ते शेल खातं: काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, एकही चित्र नाही. चित्रं दिसणारं टीसीपी/आयपी खातं कितीतरी महाग. टीसीपी/आयपी ही इंटरनेटवर मशीनं एकमेकांशी बोलतात ती भाषा, आणि विंडोज ३.१ ला ती माहीतच नव्हती. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या पीटर टॅटम यांनी लिहिलेलं ट्रम्पेट विनसॉक फ्लॉपीवरून टाकावं लागे. त्याच्या एका छोट्या खिडकीत एमटीयू ५७६, एमएसएस ५३६ असे माहितीच्या तुकड्यांच्या मापांचे आकडे हाताने भरायचे आणि लॉगिनची स्क्रिप्ट स्वतः लिहायची. ते शेअरवेअर होतं, वापरून आवडलं तर पैसे पाठवा अशा बोलीवरचं. मी बसवून दिलेल्यांपैकी कुणी पाठवल्याचं मला आठवत नाही. मीही पाठवले नाहीत, हे आज कबूल करायला हरकत नाही.

विंडोज ९५ मध्ये ही सगळी सामग्री आतच होती, फक्त लपवून ठेवल्यासारखी. कंट्रोल पॅनेलमध्ये आधी मोडेम दाखवायचा. मग नेटवर्कमध्ये जाऊन ॲडॉप्टरच्या यादीतून मायक्रोसॉफ्टचा डायल-अप ॲडॉप्टर घ्यायचा आणि प्रोटोकॉलमधून टीसीपी/आयपी. दर वेळी ते विंडोजची सीडी मागे. म्हणून मी सीडीवरच्या कॅब फाइली आधीच सी ड्राइव्हवर उतरवून ठेवायचो. मग माय कॉम्प्युटरमधल्या डायल-अप नेटवर्किंगमध्ये नवं कनेक्शन करायचं. त्याच्या सर्व्हर टाइप्समध्ये पीपीपी, म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडायची पद्धत, निवडायची, 'लॉग ऑन टू नेटवर्क'ची खूण काढायची, नेटबीईयूआय आणि आयपीएक्सच्या खुणा काढायच्या, एकटा टीसीपी/आयपी ठेवायचा. या खुणा राहिल्या तर मशीन पलीकडे नसलेलं ऑफिसचं नेटवर्क शोधत बसतं आणि आपले पल्स (फोनच्या बिलात मोजले जाणारे कॉल) जातात. डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, आकडे याच कनेक्शनच्या टीसीपी/आयपी सेटिंगमध्ये लिहायचे. कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्कमध्ये लिहिले तर ते सगळ्याच कनेक्शनांना चिकटतात, मग कंपनी बदलली की "जोडलं जातं पण एकही पान उघडत नाही" हा फोन हमखास यायचा.

आणखी एक चौकट फार महत्त्वाची: 'वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग'. मोडेम अमेरिकेच्या सवयीचे. तिथली डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झची, आपली ४०० हर्ट्झची, वर २५ हर्ट्झचा हेलकावा. काही मोडेमना आपली टोन टोनच वाटायची नाही. तुम्हाला रिसीव्हरमध्ये छान ऐकू येतेय आणि पडद्यावर मात्र 'नो डायलटोन'. ती खूण काढली, किंवा जादाच्या सेटिंगमध्ये एक्स३ लिहिलं, की मोडेम टोनची वाट न बघता थेट नंबर फिरवतो. ज्यांच्या लाइनवर टोन डायलिंग चालत नसे त्यांना पल्स डायलिंग (जुन्या चकतीच्या फोनसारखं) करून द्यावं लागे. मग नंबर फिरवताना मोडेममधून कट-कट-कट असा आवाज येई.

आवाजावरून आठवलं, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली मुख्य गोष्ट तीच. रात्री घरचे उठतात म्हणून लोक मोडेमचा आवाज बंद करून मागत. 'एटी एम०' ही आज्ञा लिहिली की तो मुका होतो. मी शक्यतो करून देत नसे. कारण डायल-अपमध्ये बिघाड शोधायचं माझं पहिलं हत्यार कान होतं, पडद्यावरचे एरर नंबर त्याच्यानंतर.

ऐका कसं असतं ते. आधी टोन, मग नंबर, मग पलीकडे एक-दोन घंट्या. मग पलीकडचा मोडेम उचलतो आणि सरळ, एकसुरी शिटी देतो. ती २१०० हर्ट्झची. मोडेमच्या कामात आड येणारी, वाटेतली प्रतिध्वनी मारणारी यंत्रं ती शिटी ऐकून बाजूला होतात. त्यानंतर दोन्ही मोडेम एकमेकांना वेगवेगळे सूर वाजवून दाखवतात: ही तार किती उंच सूर नेते, कुठे गाळते, कुठे खरखरते. टेलिफोनच्या तारेत ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच वाट मोकळी असते, त्यातच सगळं बसवायचं. शेवटी धबधब्यासारखी सळसळ, आणि एकदम शांतता. मोडेम जोडला गेला की स्पीकर आपोआप बंद होतो.

ती शांतता ही माझी सीमारेषा. तिच्याआधी अडलं तर गुन्हेगार तार, जोड, एक्स्चेंज किंवा मोडेम. तिच्यानंतर अडलं, म्हणजे पडद्यावर 'व्हेरिफायिंग यूझर नेम अँड पासवर्ड' येऊन बसलं, तर तारेला हात लावायचा नाही, चूक नाव, पासवर्ड किंवा सर्व्हर टाइप्सच्या खुणांत आहे. लोक नेमकं उलटं करत. पासवर्डच्या भांडणात लाइनमनला बोलावत आणि तारेच्या भांडणात विंडोज पुन्हा टाकत. सळसळ मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर दोघांचं वेगावर जमत नाहीये, म्हणजे लाइनवर गोंगाट आहे. आणि शिटीच आली नाही, नुसतं माणसाचं "हॅलो, कोन बोलून राहिलं?" आलं, तर नंबर चुकला. हे मी एका ठिकाणी प्रत्यक्ष ऐकलंय. पलीकडच्या काकू मोडेमला शिव्या घालत होत्या आणि मोडेम चिकाटीने पुन्हा पुन्हा त्यांनाच लावत होता.

लाइनचा गोंगाट कसा शोधायचा, त्याची एक गोष्ट सांगतो. रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे मे महिन्यात सकाळी सेकंदाला ३३,६०० बिट या वेगाला लाइन जोडली जाई आणि छान चाले. दुपारी बारा वाजले की दर पाच-दहा मिनिटांनी तुटे. लाइनमन दोनदा येऊन गेला होता. त्याचं म्हणणं, "साहेब, लाइन तं टनाटन हाय, तुमचं मशीनच गरम होऊन राहिलं असंन." डॉक्टरांनी टेबल फॅन आणून मशीनवर सोडला होता, कॅबिनेटचं झाकण काढून. मी गेलो तेव्हा दुपारचे दोन, बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर घरघरतोय.

मी मोडेमची तार काढून साधा फोन लावला, रिसीव्हर उचलला आणि एकच आकडा दाबला. आकडा दाबला की टोन थांबते आणि काही सेकंद लाइनवर नुसती शांतता मिळते. त्या शांततेत खरी लाइन ऐकू येते. इथे शांतता नव्हतीच. बारीक खरखर होती, आणि ती कमी-जास्त होत होती. कूलर बंद करायला सांगितला, फरक नाही. म्हणजे मोटरचा विजेचा त्रास नव्हे. मग तार हातात धरून भिंतीच्या कडेने निघालो. ती खिडकीपाशी गेली, आणि खिडकीच्या चौकटीवर, कूलरच्या ताटीपासून वीतभर अंतरावर, रोझेटचा, म्हणजे फोनच्या तारा जोडायचा, पांढरा डबा. पंप चालू झाला की ताटीतून उडणारे तुषार थेट त्यावर. स्क्रू काढून डबा उघडला तर आत दोन्ही तारांच्या टोकांवर हिरवा गंज आणि तळाशी पाण्याचा थेंब. सकाळी कूलर बंद, डबा कोरडा, लाइन चांगली. दुपारी डबा ओला, दोन तारांमध्ये पाणी, लाइन खराब. तारांची टोकं कापली, सोलून नवी केली, रोझेट दाराजवळ हलवला. मशीनवरचा टेबल फॅन डॉक्टरांनी तरीही ठेवला, पावसाळ्यापर्यंत.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जमिनीतल्या केबलच्या जोडांत ओल शिरे आणि ३३,६०० ची लाइन १४,४०० वर येई. त्यात आपण घरी काही करू शकत नसू. वीज चमकली की मात्र करण्यासारखं एकच होतं: फोनची तार मोडेममधून उपटायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही, झटका फोनच्या तारेतून येतो. एकाच वादळी रात्रीनंतर माझ्याकडे चार मोडेम आले होते, चारही मशीन रात्री बंद होती.

घरात दुसऱ्या खोलीत पॅरलल फोन असेल तर आजी रिसीव्हर उचलते आणि नेट जातं, हे तर सगळ्यांना ठाऊक. त्यावर थोडा उतारा होता: एस१० नावाचं रजिस्टर, म्हणजे मोडेममधलं एक सेटिंग. पलीकडचा आवाज गेल्यावर मोडेम किती वेळ धीर धरतो ते त्यात असतं, सेकंदाच्या दहाव्या भागात. बहुतेकांत ते १४, म्हणजे दीड सेकंदही नाही. मी ५० करून द्यायचो. आजीने चटकन "अगं बाई" म्हणून ठेवलं तर लाइन वाचे. गप्पा सुरू केल्या तर देवही वाचवू शकत नसे.

वेगाबद्दल गैरसमज खूप. "माझं ११५२०० ला जोडलं जातं" असं अभिमानाने सांगणारे भेटत. तो वेग मशीन आणि मोडेम यांच्यातला. मोडेमचा बरोबर ड्रायव्हर न टाकता 'स्टँडर्ड मोडेम' निवडला की विंडोज तोच आकडा दाखवतं. तारेवरचा वेग निराळा. ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) तर आणखी फसवं. १९९७ मध्ये एक्स२ आणि के५६फ्लेक्स असे दोन आपसांत न जमणारे प्रकार बाजारात आले, १९९८ मध्ये व्ही.९० आल्यावर ते भांडण मिटलं. पण ५६ के फक्त येण्याच्या दिशेने, तेही पलीकडची कंपनी एक्स्चेंजला डिजिटल तारेने जोडलेली असेल आणि वाटेत ॲनालॉगचं रूपांतर एकदाच होत असेल तरच. पाठवताना ३३.६ चीच मर्यादा. माझ्या अनुभवात चांगल्या लाइनवर ४४ ते ४८ मिळालं तर पेढे वाटावेत. ३३.६ वर एक एमबीची फाइल सगळं सुरळीत असलं तरी चार मिनिटांच्या वर घेते, म्हणजे त्या वेळच्या तीन मिनिटांच्या पल्सने दोन कॉल. गाण्याची चार एमबीची फाइल उतरवताना लोक मीटरकडे बघत बसायचे ते उगीच नाही.

तुमचा मोडेम बाहेरचा, डब्यातला असता तर आणखी एक गोष्ट तपासायला सांगितली असती: मशीनच्या पोर्टावरची, येणारी अक्षरं गोळा करणारी यूएआरटी चिप. जुन्या ८२५० आणि १६४५० चिपांत एकाच अक्षराची जागा, १६५५० मध्ये सोळा अक्षरांची. ११५२०० ला दर ८७ मायक्रोसेकंदाला एक अक्षर येतं, एक जागावाल्या चिपला ते झेपत नाही. आतल्या कार्डावर बहुधा स्वतःची चिप असते, म्हणून तुम्हाला ही काळजी नसावी. कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, डायग्नॉस्टिक्स, मोअर इन्फो असं गेलात की नाव दिसेल. तिथे काहीच न दिसता कार्डावर एकच लहानशी चिप असेल तर तो विनमोडेम, म्हणजे अर्धं काम प्रोसेसरकडून करून घेणारा. त्याचा नेमका ड्रायव्हर हरवला असेल तर त्याच्यामागे आठवडा घालवू नका.

आता आजचं. सगळ्यात सोपा आणि मला आवडणारा मार्ग: भंगारवाल्याकडून किंवा एखाद्या बंद झालेल्या ऑफिसातून जुना छोटा इंटरकॉम, म्हणजे ईपीएबीएक्स मिळवा. त्याची दोन एक्स्टेन्शन घ्या. एकाला तुमचा पेंटियम, दुसऱ्याला रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला लावलेला यूएसबी मोडेम. मोडेम खरा, स्वतःचा कंट्रोलर असलेला घ्या, विनमोडेमच्या जातीचा नको. रास्पबेरी पायवर एमगेटी नावाचा प्रोग्राम फोन उचलतो आणि पीपीपीडी नावाचा दुसरा पुढची बोलणी करतो, आणि पाय आपलं घरचं वाय-फाय मागे पुरवतो. म्हणजे तुम्हीच तुमचे व्हीएसएनएल. इंटरकॉम खरी टोन देतो, खरी घंटा देतो, त्यामुळे शिटी, सूर, सळसळ सगळं जसंच्या तसं ऐकू येतं. त्याची टोन वेगळी असेल तर 'वेट फॉर डायल टोन'ची खूण काढा. वेग ३३.६ च्या वर जाणार नाही, दोन्ही बाजू ॲनालॉग आहेत. दोन पोर्टांच्या, इंटरनेटवरून फोन चालवणाऱ्या व्हीओआयपी डब्यानेही जमतं, पण त्यात कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ ठेवा, दुसऱ्या कोडेकमध्ये आवाज दाबला जातो आणि मोडेमला ते सोसत नाही.

आवाजाची हौस नसेल, नुसतं जोडायचं असेल, तर सिरियल पोर्टाला लागणारे छोटे वाय-फाय मोडेम मिळतात. ते एटीने सुरू होणाऱ्या मोडेमच्या आज्ञा समजतात, विंडोजला वाटतं मोडेमच आहे. घेताना पीपीपी येतं ना, एवढं बघा.

जोडल्यावर निराशा होईल ती ब्राउझरची. विंडोज ९५ वरच्या ब्राउझरला आजचं टीएलएस, म्हणजे साइटशी सुरक्षित बोलायची पद्धत, येत नाही, त्यामुळे बहुतेक साइटी दारातूनच परत पाठवतील. पायवरच एक प्रॉक्सी बसवा, जी बाहेरून एचटीटीपीएसने पान आणून आत साध्या एचटीटीपीने देईल. मग पानं उघडतात, हळूहळू, वरून खाली. या मशीनवर पासवर्ड कुठलाच टाकू नका, बँकेचा तर नाहीच.

पण हे सगळं नंतर. आधी मशीन बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडा. मदरबोर्डावरची बॅटरी गळली नसेल ना ते बघा, आणि मग मोडेमच्या कार्डावरचा जंपर कुठे आहे ते. कॉम३ वर निघाला तर हलवायच्या आधी बाबांना बोलवा, जोडणी होऊ द्या, आणि एकदा त्यांच्या हाताने माउस हलवू द्या.